शोर्युकेनऐवजी हादोकेन निघत असेल तर

स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये रियू या पात्राचा शोर्युकेन (उडी घेत वर मारलेला ठोसा) मारताना अनेकांची पहिली 'पुढे' (प्रतिस्पर्ध्याकडची दिशा) नीट लागतच नाही. मग शेवटी स्टिक पुढे सरकली की उरतं खाली, तिरकं, पुढे. म्हणजे थेट हादोकेन, हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा. म्हणून आधी पुढे स्पष्ट दाबा, मग खाली, आणि खाली-पुढे या तिरक्या दिशेवर येताच पंच. तिथेच थांबा, स्टिक पुन्हा पुढे सरकवू नका. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले (दाबलेल्या दिशा आणि बटणं स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू ठेवलात, तर नेमकी कुठली दिशा निसटते ते लगेच दिसतं.

आणि हा मूव्ह उडी मारून येणाऱ्यासाठी राखून ठेवा, त्याची खरी मजा तिथेच आहे! जमिनीवर अंदाजाने मारलात आणि समोरच्याने ब्लॉक केला, तर खाली येईपर्यंत तुम्ही पूर्ण उघडे असता.