स्नॉर्कलिंगला जाताय? मोरीपेक्षा पाकटाला जपा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी स्नॉर्कलिंगला बहुतेक आंबोली उतरून मालवण-तारकर्लीला जातात, चोर्ल्यावरून गोव्याला जातात, नाहीतर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर. पाण्यात उतरताना भीती असते ती शार्कची, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मोरीच्या थोरल्या भावंडांची. या किनाऱ्यावर खरा त्रास होतो तो पायाखालच्या माशांचा.

पाकट (इंग्रजीत स्टिंगरे) उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडून असतो. त्याच्यावर पाय पडला की शेपटीचा काटा घोट्यात घुसतो. म्हणून पाऊल उचलून टाकू नका, तळवा वाळूवरून घासत सरका; चाहूल लागली की तो आपणहून निघून जातो. जाड तळव्याचे बूट घालाच, पण काटा बाजूनं लागतो, तेव्हा नुसत्या बुटांवर विसंबू नका. खडकाळ भागात स्कॉर्पिअनफिश हुबेहूब दगडासारखा दिसतो. तिथं हात टेकायचा नाही, उभं राहायचं नाही. दम लागला तर लाइफ जॅकेटवर उताणं तरंगायचं. लायनफिश देखणा असतो आणि माणसाला बघून पळत नाही, त्यामुळं फोटोच्या नादात लोक फार जवळ जातात आणि काटा लागतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला हात लावलात तर त्यातली शेंगटी (कॅटफिश) उचलू नका. तिला पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागं एकेक काटा असतो, मेल्यावरही तो तितकाच बाधतो.

काटा लागलाच तर या चौघांवरही पहिला उपाय एकच: गरम पाणी. जखम धुवा, वर दिसणारे सुटे तुकडे चिमट्यानं काढा आणि हात किंवा पाय सुमारे 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवा. या उष्णतेनं वेदना बरीच उतरते. थर्मासमधलं कढत पाणी एक भाग, साधं दोन ते अडीच भाग, असं मिसळलं की साधारण तेवढं तापमान येतं. पाणी कसं आहे हे दुसऱ्यानं हात घालून बघावं. दुखऱ्या पायाला चटका कळत नाही आणि विषावर उपाय करताना कातडी भाजते. पाणी निवतं, म्हणून थोडं-थोडं गरम घालत राहा. लिटरभराचे दोन थर्मास न्या. किनाऱ्यावर चहाची टपरी असतेच.

वर रुमाल आवळून बांधणं, चिरा देणं, चुना-हळद भरणं, हे काहीही नको. छातीत, पोटात किंवा मानेत रुतलेला काटा उपसू नका, तो रक्तस्राव रोखून धरत असतो. तसाच स्थिर ठेवून 108 ला फोन करा. जखम लहान असली तरी डॉक्टरकडे जायचंच, आत तुकडा राहिला तर ती चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. ‘आपल्या डॉक्टरकडेच नेऊ’ म्हणून घाट चढून बेळगाव गाठू नका. गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज, सिंधुदुर्गात ओरोसचं जिल्हा रुग्णालय जवळ पडतं.

आता शार्क. नेत्राणीला ब्लॅकटिप रीफ शार्क दिसतात. ते बुजरे असतात, सहसा लांबूनच वळतात. दिसला तर हातपाय आपटू नका. विहिरीत पोहणाऱ्यांना पाणी उडवायची सवय असते, ती इथं सोडा. उभं राहून तोंड त्याच्याकडं ठेवा, नजर हलवू नका आणि सावकाश बोटीकडं सरका. पाठ कमानीसारखी वाकवून, बाजूचे पर खाली ताणून तो झटके देत पोहायला लागला तर तो चिडलाय, लगेच बाहेर पडा. अंगावर आलाच तर डोळ्यांवर आणि कल्ल्यांवर मारा. खाडीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेला किंवा मासळी साफ करत असलेल्या होडीजवळ उतरूच नका.

समुद्री साप चावला तर वरचा उपाय चालत नाही. चावा फारसा दुखतही नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तो अवयव हलू न देता, रुंद पट्टी गुंडाळून थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि ‘समुद्री साप’ असं स्पष्ट सांगा; आपल्याकडची नेहमीची सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठी असते.