एस्पेरांतो शिकायला घेताय? मग या चुका टाळा

एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा सोपी, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. आजच्या पोलंडमधल्या बियालिस्तोकचे डोळ्यांचे डॉक्टर झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये वॉर्सातून तिचं पहिलं पुस्तक काढलं. मूळ नियम फक्त सोळा. नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ, वर्तमानकाळाला आस. आपल्याकडे विनोबांनीही तिचे धडे घेतले होते. नियम थोडे म्हणजे सरावही थोडाच पुरेल, असा हिशेब मात्र करू नका. बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

मराठी माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो कर्माच्या 'न'पाशी. 'मी आंबा खातो' म्हणताना आंब्याला आपण काही लावत नाही, 'मी मुलीला बघतो' म्हणताना मात्र 'ला' लावतो. एस्पेरांतोत असा सजीव-निर्जीव भेद नाही. कर्म आलं की न आलाच: 'मी मान्जास मान्गोन'. (मी म्हणजे तिथेही मीच. त्यावर सिद्धांत रचू नका.) उलट 'मला आंबा आवडतो' यातला 'ला' बघून काहीजण स्वतःलाच न लावून मोकळे होतात. तिथे आवडून घेणारा कर्ता असतो आणि आंबा कर्म, म्हणून 'मी शातास मान्गोन'. विशेषण सोबत असेल तर त्यालाही न हवा: 'बेलान फ्लोरोन', सुंदर फूल. एकदा ही सवय लागली की मंडळी 'एस्तास', म्हणजे 'आहे', याच्यानंतरही न ठोकतात. तिथे तो चालत नाही.

खरी गंमत पुढे आहे. 'मुलं बागेत धावतात' या वाक्यात मुलं आधीपासून बागेत आहेत की बाहेरून आत धावत जाताहेत? मराठीतला 'त' दोन्हीकडे चालतो. एस्पेरांतोत आत असतील तर 'कूरास एन ला जार्देनो' आणि बाहेरून आत जात असतील तर 'एन ला जार्देनोन'. हा फरक नुसता वाचून अंगवळणी पडत नाही. अशा वाक्यांच्या जोड्या स्वतः लिहाव्या लागतात.

दुसरी चूक वहीतली. शब्द देवनागरीत उतरवून ठेवू नका. टोपीवाला सी (ĉ) म्हणजे 'चहा'तला च आणि साधा सी म्हणजे 'चाक'मधला च. वहीत दोन्ही सारखेच दिसतात. त्यातून ए किंवा ई पुढे आली की आपली जीभ आपोआप 'चहा'च्या च कडे वळते, मग शंभराचं 'त्सेन्तो' हमखास 'चेन्तो' होतं. रोमन जे तिथे य असतो, हेही विसरायला होतं. टोपीची अक्षरं कीबोर्डवर नसतील तर अक्षरापुढे एक्स लावायची पद्धत आहे. सुरुवातीला ती पुरते. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर.

'जेव्हा'साठी वेगळा शब्द शोधत बसू नका. 'कधी' विचारायला जो 'कियाम', तोच 'जेव्हा'लाही चालतो.

काही हुशार मंडळींना पहिल्याच महिन्यात भाषा सुधारण्याची हुक्की येते: हा न काढून टाका, त्या टोप्या कशाला? हे सगळं आधीच होऊन गेलंय. 1894 मध्ये झामेनहॉफनी स्वतः बदल सुचवले होते, पण मतदानात ते फेटाळले गेले. पुढे 1907 मध्ये इदो नावाची सुधारित भाषा आली, तरीही बोलणारे मोठ्या संख्येने एस्पेरांतोकडेच राहिले. आधी शिका, भांडायचं ते नंतर.

आणि फक्त ॲपवर विसंबू नका. पर्यायांतून उत्तर निवडणं वेगळं, कोऱ्या कागदावर वाक्य जुळवणं वेगळं. रोज चार ओळी लिहा: काय खाल्लं, कुठे गेलात, कोण भेटलं. लिहून झालं की प्रत्येक क्रियापदापाशी थांबून 'काय?' आणि 'कोणाला?' असं विचारा. निम्मे राहिलेले न तिथेच सापडतील.