गॅरी पॉलसनच्या आठवणीत: वाचन आणि चकमक

१३ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकन लेखक गॅरी पॉलसन गेले. साताऱ्यातल्या शाळांना १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन सोयीचा. त्याच दिवशी त्यांचं ‘हॅचेट’ (१९८७) वाचावं. विमान कोसळून कॅनडाच्या जंगलात ५४ दिवस एकटा पडलेल्या तेरा वर्षांच्या ब्रायनची ही गोष्ट. सगळं वाचू नका. साळिंदरावर फेकलेली कुऱ्हाड गुहेच्या भिंतीवर आदळून ठिणग्या उडतात, तिथपासून आग पेटेपर्यंतचंच वाचा, मग गारगोटी आणि पोलादाच्या चकमकीने आग पेटवण्याचा प्रयोग करा.

खरी तयारी आदल्या दिवशीची: ठिणगी धरणारं कापड बनवायचं. जुन्या सुती धोतराचे दोन इंची तुकडे बूटपॉलिशच्या रिकाम्या, धुतलेल्या डबीत भरा, झाकणाला खिळ्याने बारीक भोक पाडा आणि उघड्यावर निखाऱ्यांवर ठेवा. भोकातून धूर थांबला की उतरवा. गार होण्याआधी उघडलीत तर हवा लागून कापड आतच जळून जातं. टेरिकॉट वितळतं, ते नको.

पांढरी गारगोटी फोडून धारदार कड काढा; नदीतल्या गुळगुळीत गोट्याने काही होत नाही. तिच्या कडेवर कापड धरून जुन्या कानशीचा तुकडा खाली ओढत मारा. स्टेनलेसचा चमचा चालत नाही, कडक पोलादच हवं. ठिणगी धरली की कापड पिंजलेल्या काथ्यात ठेवून हळू फुंका. ब्रायनचंही इथेच अडलं होतं: हवेशिवाय जाळ नाही.

हे मोठ्यांनीच करावं, चष्मा लावून, वाळूच्या घमेल्यात, शेजारी पाण्याची बादली ठेवून. अजिंक्यतारा किल्ल्यावर तर नकोच. तिथलं गवत वाळायला लागलेलं असतं.