एका गाठीत दोन कॅन्सर : लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी बायोटेक करून फुप्फुसाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या लॅबमध्ये गेले, तेव्हा मला पायथन येत होतं, पण मायक्रोस्कोपखाली काय दिसतंय ते ओ की ठो कळत नव्हतं. विषय मिळाला मिश्र गाठींचा. एकाच गाठीत एकीकडे ग्रंथींसारखी रचना, म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा, आणि शेजारी स्क्वॅमस, म्हणजे त्वचेसारख्या चपट्या पेशींचा कॅन्सर. दोन्ही किमान १० टक्के असतील तर ती ॲडिनोस्क्वॅमस. प्रश्न असा, की ही दोन्ही एकाच पेशीची पिल्लं, की वेगवेगळ्या दोन गाठी वाढता वाढता एकमेकींना भिडल्या?

मला वाटलं, सोपंय. दोन्ही भाग लेझरने वेगळे कापायचे, सिक्वेन्स करायचे, म्युटेशन जुळलं की पूर्वज एक. पहिल्याच केसमध्ये दोन्हीकडे ईजीएफआर या जनुकातलं एल८५८आर हे प्रसिद्ध म्युटेशन निघालं. मी खुशीत प्रेझेंटेशन दिलं. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी विचारलं, "कापलेला भाग स्वतः बघितलास का गं?" नव्हता बघितला. टीटीएफ-१ (ॲडिनो दाखवणारा) आणि पी४० (स्क्वॅमस दाखवणारा) हे स्टेन शेजारी ठेवले, तेव्हा मलासुद्धा दिसलं: माझ्या 'स्क्वॅमस' तुकड्यात ॲडिनोचे पुंजके होते. भेसळ असली की दोन्ही भाग सख्खे भाऊच वाटणार!

तेव्हापासून मी एक गोष्ट न चुकता बघते. एका भागाचं खास म्युटेशन दुसऱ्या भागाच्या एक-दोन टक्के रीड्समध्ये, म्हणजे सिक्वेन्सरने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांमध्ये, डोकावत असेल, तर आधी कापणीवर संशय घ्यायचा. ती केस पुन्हा कापली. एल८५८आर स्वच्छ स्क्वॅमसमध्येही भरपूर होतं, म्हणजे ते नुसत्या भेसळीतून आलेलं नव्हतं.

तरी एकाच प्रसिद्ध म्युटेशनवर भिस्त ठेवू नका. सिगारेट ओढणाऱ्याच्या दोन स्वतंत्र गाठींत केआरएएस या जनुकाचं जी१२सी म्युटेशन योगायोगानेही येऊ शकतं. खरा पुरावा म्हणजे ज्यांना कुणी विचारत नाही अशी, गाठ वाढवण्यात हात नसलेली म्युटेशन्स. अशी दहा-वीस दोन्हीकडे तंतोतंत सापडली तर योगायोगाची गोष्ट विसरा. ॲडिनोस्क्वॅमसमध्ये बहुतेक वेळा उत्तर 'एकच पूर्वज' असंच येतं. उंदरांत तर केआरएएसच्या म्युटेशनसोबत एलकेबी१ हे जनुक निकामी झालं, की ॲडिनोच्या पेशी स्क्वॅमसकडे वळताना दिसल्या आहेत.

मला सगळ्यात हलवून गेलं ते मात्र स्मॉल सेल या फुप्फुसाच्या वेगळ्याच कॅन्सरचं प्रकरण. ईजीएफआरवरच्या गोळ्या घेणाऱ्या काही पेशंटची ॲडिनो गाठ औषधाला दाद देईनाशी होते आणि नव्या बायोप्सीत स्मॉल सेल दिसतं. टीपी५३ आणि आरबी१ ही पेशींच्या वाढीला लगाम घालणारी दोन्ही जनुकं सहसा निकामी झालेली असतात, पण जुनं ईजीएफआर म्युटेशन तसंच असतं. चेहरा बदलला, आडनाव तेच. म्हणजे 'प्रकार' ही पेशीची अवस्था आहे, वंशावळ नव्हे, हे मला तिथे उमगलं.

बारीकसारीक दोन गोष्टी. फॉर्मालिनमुळे जुन्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात जपलेल्या टिश्यूमध्ये, डीएनएच्या सी या अक्षराच्या जागी टी अशी खोटी म्युटेशन्स दिसतात. आणि मानवी जीनोमच्या संदर्भ-नकाशाच्या आवृत्त्या तपासा: एल८५८आर जुन्या एचजी१९ मध्ये ५५२५९५१५ वर आहे, नव्या एचजी३८ मध्ये ५५१९१८२२ वर. दोन फाइल्स जुळत नाहीत म्हणून मी अख्खा शनिवार घालवला होता.

आणि कटिंग्ज, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप, एकदमच मागून घ्या. ब्लॉक दर वेळी मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर) चढला की तोंड सरळ करण्यातच थोडा टिश्यू वाया जातो, आणि बायोप्सीत तो असतोच किती?