तिवर आणि चिप्पी भावंडं नाहीत: उत्क्रांतीचा प्रकल्प करताना या चुका टाळा

ओहोटीला खाडीच्या चिखलात तिवर आणि चिप्पी ही कांदळवनातली झाडं शेजारी शेजारी उभी दिसतात. दोघांचीही श्वसनमुळं चिखलातून वर आलेली. तिवराची पेन्सिलीएवढी बारीक, चिप्पीची जाड आणि टोकाला निमुळती. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना घेऊन मी खाडीवर जातो, तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या वहीत हे वाक्य येतंच: ‘मुळं सारखी, म्हणजे झाडं एकाच कुळातली.’

निरीक्षण चोख, निष्कर्ष चुकीचा. जनुकांची तुलना केल्यावर तिवर अडुळसा आणि कोरांटीच्या कुळात बसलं. चिप्पी निघाली मेंदी, डाळिंब आणि ताम्हणाची नातलग. म्हणजे आपलं राज्यपुष्प ताम्हण आणि 2020 मध्ये राज्य कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी एकाच घरातली! चिखलात हवा नाही ही अडचण एकच, पण दोन घराण्यांत तिच्यावरचा उपाय वेगवेगळा घडत गेला आणि सारखा दिसू लागला. ही अभिसारी उत्क्रांती.

मग नातं शोधायचं कुठे? जिथे चिखलाचा ताण पोचत नाही तिथे. मुळं सोडा, फूल-फळ बघा. चिप्पीचं फळ हातात घेतलंत तर देठाशी जाड, चामड्यासारखी चांदणी दिसेल. डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुटही तसाच, फक्त दुसऱ्या टोकाला. एवढ्यावर नातं सिद्ध होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. जुन्या पुस्तकात तिवर घाणेरीच्या कुळात सापडलं तर गोंधळू नका. कोणत्या पुराव्यावर ते हललं, ते वहीत लिहा.

‘गरज पडली म्हणून झाडाने मुळं वर काढली’ असं मात्र लिहू नका. झाड ठरवून काही करत नाही. ज्यांची मुळं थोडी वर येत होती ती तगली, त्यांचंच बी पुढे रुजलं.

दुसरी मोठी चूक म्हणजे एकाच शास्त्राचं ऐकणं. देवमासा आणि आपल्या किनाऱ्यावरचा गादा, म्हणजे डॉल्फिन, एकाच गटातले. त्यांचा पूर्वज कोण, यावर 1990 च्या दशकात चांगलंच जुंपलं होतं. दात पाहणारे जीवाश्मतज्ज्ञ मेसोनिकिड या नामशेष मांसाहारी प्राण्यांकडे बोट दाखवत होते. डीएनए पाहणारे म्हणत होते, आजच्या प्राण्यांत सर्वांत जवळचा पाणघोडा. 2001 मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांची घोट्याची हाडं जगापुढे आली. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच, अगदी शेळीच्या घोट्यासारखी. मटणाच्या दुकानातून ते हाड मागून आणा, मुलांच्या हातात द्या. दहा पानं वाचून जे कळणार नाही ते कळेल. शेळी आणि पाणघोडा एकाच, जोडखुरांच्या गटातले, म्हणून या हाडाने डीएनएची बाजू उचलून धरली. 2007 मध्ये जम्मूतल्या कालाकोटच्या इंडोह्यसने, हरणासारख्या छोट्या नामशेष प्राण्याने, कानाच्या हाडावरून देवमाशांशी आणखी जवळचं नातं दाखवलं.

पुरावे जुळत नसले, तर दोन्ही शास्त्रं एकाच प्रश्नाचं उत्तर देताहेत का, ते आधी तपासा. डीएनए सांगतो दोन शाखा केव्हा फुटल्या. जीवाश्म सांगतो की अमुक काळी हा जीव होता. म्हणजे तो निदान तेवढा जुना आहे. त्यामुळे डीएनएचा आकडा थोडा मागचा आला तर ती चूक नव्हे.

निवटीला ‘पाण्यातून जमिनीवर येणारा आपला पूर्वज’ म्हणणंही टाळा. निवटी आजचा मासा आहे, आपल्याइतकाच आजचा. जमिनीवर आलेल्या पूर्वजांची वाट कॅनडातल्या, सुमारे 37.5 कोटी वर्षं जुन्या टिकटालिकसारख्या मांसल परांच्या माशांमधून जाते. निवटीची शाखा त्याआधीच वेगळी झाली होती.

‘कोकणात सगळा काळा दगड आणि जांभा, जीवाश्म कुठले?’ असं म्हणून ते पान कोरंही सोडू नका. रत्नागिरीकडे जांभ्याखाली लिग्नाइटचे, म्हणजे तपकिरी कोळशाचे थर आहेत, आणि त्यांतून परागकण मिळाले आहेत. परागकणाचं कवच इतकं चिवट, की फूल कुजून गेल्यावरही ते गाळात टिकून राहतं.