पार्सलच्या हॉटेलवर लादलेल्या विक्रीच्या अंदाजाला हरकत कशी घ्यावी

तुमच्या विक्रीचा स्वतः अंदाज बांधून कर विभागाने काढलेला कर आकारणीचा आदेश हाती पडताच हरकतीची मुदत पाहा, हरकत मुदतीतच नोंदवा आणि ज्या रकमेबद्दल वाद नाही तेवढा कर भरून टाका. त्याच दिवशी अंदाजाचा संपूर्ण हिशेब विभागाकडे लेखी मागा.

‘सगळी बिले नेऊन द्या, ते पाहतील’ हा सर्रास मिळणारा सल्ला घातक आहे. अंदाज चुकीचा असल्याचे दाखवण्याचा भार बहुधा व्यापाऱ्यावरच असतो; क्रमाने न लावलेल्या बिलांच्या ढिगातून तुमची बाजू दुसरे कोणी शोधून काढणार नाही.

खरी कसोटी तो हिशेब उलगडण्यात आहे आणि मीही सुरुवातीला तेथेच अडखळत असे. खरेदीवरून विक्री काढली असेल, तर आधी नफ्याची टक्केवारी कशावर धरली आहे ते तपासा. 40 चा माल 100 ला विकला, तर नफा विक्रीवर 60 टक्के, पण खरेदीवर 150 टक्के होतो. शिवाय मुख्य पदार्थांचा 150 टक्के नफा बाटलीबंद पेयांच्या खरेदीलाही लावला असेल, तर विक्री अकारण फुगते. डब्यांवरून ऑर्डरी मोजल्या असतील, तर एका ऑर्डरीला सरासरी किती डबे लागतात हे जुन्या बिलांवरून दाखवा. गर्दीच्या एका संध्याकाळचे निरीक्षण वर्षभराला लावले असेल, तर आठवड्याच्या सातही दिवसांची कार्डाची व ऑनलाइन विक्री शेजारी मांडा. आजचे दर मागील वर्षांना लावलेले नाहीत ना, हेही पाहा.

वाया गेलेला माल, कर्मचाऱ्यांचे जेवण आणि सवलती वजा करून मागा, मात्र पुराव्याला पेलेल तेवढ्याच. एक फुगवलेला आकडा उघडा पडला की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. मागील तारखांच्या नोंदवह्या आज बसून कदापि लिहू नका. ती बनवाबनवी आहे आणि तिचे परिणाम मूळ करापेक्षा कितीतरी जड जातात. त्याऐवजी आजपासून काही आठवडे रोजची नासाडी तारखेसह नोंदवा आणि ते प्रमाण पूर्वीच्या काळासाठी आधार म्हणून मांडा.

शेवटी स्वतःचा पर्यायी आकडा त्याच्या हिशेबासह द्या. नुसता नकार दिल्यास विभागाचाच आकडा कायम राहण्याची शक्यता अधिक असते. सुनावणीला हा हिशेब दोन पानांत न्या आणि त्यातील प्रत्येक आकड्यामागे त्याचा कागद जोडा.