जर्मन सुरुंग-पाणबुडीची कुंडली कशी मांडायची

पहिल्या महायुद्धातली एखादी जर्मन सुरुंग पेरणारी पाणबुडी डोक्यात बसली आणि तिची पूर्ण कहाणी लावायची असेल, तर आधी एक सवय सोडा, "किती जहाजं बुडवली" हा आकडा बघून मोकळं व्हायची. टॉर्पेडोवाल्या पाणबुडीला ते चालून जातं, पण ही बया माल टाकून घरी निघून जाते आणि जहाज बुडतं नंतर, कधी आठवड्याने तर कधी महिना होत आल्यावर.

सुरुवात नावापासून करा. यूसी लागलं असेल तर किनाऱ्याजवळ काम करणारी छोटी बोट. पण नुसता यू आहे म्हणून सुरुंग नाहीत असं धरू नका, यू-71 ते यू-80 या दहा मोठ्या बोटी खास सुरुंगांसाठीच बांधलेल्या होत्या. इथेच बरेच जण फसतात.

मग आराखडा काढा आणि सुरुंग कुठे ठेवलेत ते बघा, बाकी सगळं नंतर. पहिल्या यूसी (यूसी-1 ते यूसी-15) म्हणजे जेमतेम 34 मीटर लांब, पृष्ठभागावर 168 टन, टॉर्पेडो नळी एकही नाही. इतक्या लहान की काही तर तुकड्यांमध्ये रेल्वेने अँटवर्पला नेऊन तिथे जोडल्या. पुढच्या भागात सहा तिरक्या नळ्या, वरून खाली आरपार, प्रत्येकीत दोन असे 12 सुरुंग. यूसी-16 पासून पुढच्या मालिकेत सहा नळ्यांत 18 सुरुंग, शिवाय तीन टॉर्पेडो नळ्या आणि 8.8 सेंटिमीटरची तोफ.

आता खरी गंमत. या नळ्या पाण्याला उघड्या, म्हणजे सुरुंग पूर्ण प्रवासभर ओलेच. एकदा निघालं की त्यांना हात लावता येत नाही, त्यामुळे सुरुंग पाण्याखाली किती खोल तरंगायचा ते बंदरातच ठरवून निघावं लागायचं, मग तिकडे भरती-ओहोटीचा हिशोब चुकला की बोंबला. सुरुंग नांगरासकट तळाला जायचा, पाण्यात विरघळणारं एक बूच विरघळलं की सुटून वर यायचा. बूच वेळेआधी विरघळलं तर डोक्यावर स्वतःचीच बोट! यूसी-12 मार्च 1916 मध्ये टारांटोजवळ आपल्याच सुरुंगांनी गेली. इटलीवाल्यांनी ती वर काढली तर जर्मन निघाली, आणि तेव्हा इटली-जर्मनी युद्ध जाहीरच झालेलं नव्हतं. यू-71 च्या जातीत मात्र सुरुंग आत कोरडे, आडवे ठेवलेले, 34 च्या आसपास, आणि शेपटीकडच्या दोन नळ्यांतून मागे सोडायचे.

यानंतर सगळ्यात वेळखाऊ काम, तारखा जुळवणं. दोन रकाने करा, एकात कप्तानाच्या युद्धनोंदवहीतली सुरुंग टाकल्याची तारीख आणि जागा, दुसऱ्यात त्या भागात बुडालेली जहाजं. यू-75 ने 29 मे 1916 ला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांच्या पश्चिमेला मारविक हेडजवळ सुरुंग टाकले, ब्रिटिश क्रूझर (युद्धनौका) हॅम्पशायर त्यावर आदळलं 5 जूनला, आत युद्धमंत्री किचनर होता. तोवर पाणबुडी तिथून कधीच निघून गेलेली. यू-73 चं तसंच, ग्रीसच्या केआ बेटाजवळ सुरुंग टाकले 28 ऑक्टोबर 1916 ला, टायटॅनिकचं भावंड ब्रिटानिक बुडालं 21 नोव्हेंबरला, आणि टॉर्पेडो की सुरुंग हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. दोन्ही बाजूंचे कागद ताडताना घड्याळाचं भान ठेवा, जर्मन वेळ ब्रिटिश वेळेच्या साधारण तासभर पुढे असते, मध्यरात्रीच्या घटनेत तारीखच बदलून बसते.

यूसी-16 नंतरच्या बोटींसाठी अजून एक काम वाढतं: सुरुंगाने, टॉर्पेडोने, तोफेने असे बळी वेगवेगळे लिहा, नाहीतर सगळी खिचडी होते.

शेवट शोधताना पण सुरुंगच आधी तपासा. यू-75 स्वतः डिसेंबर 1917 मध्ये नेदरलँड्सच्या टर्शेलिंग बेटाजवळ सुरुंगावरच गेली. यूसी-2 जुलै 1915 मध्ये इंग्लंडच्या यारमथजवळ एका छोट्या मालवाहू जहाजाखाली आली, ब्रिटिश पाणबुड्यांनी (म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांनी, बोटींनी नाही) खाली जाऊन पाहिलं तेव्हा हे सुरुंग कोण टाकतंय ते नीट कळलं.

आणि सांगाडा बघायची हौस असेल तर यूसी-61 घ्या. जून 1917 मध्ये ब्रेस्टजवळ तिच्या सुरुंगावर फ्रेंच क्रूझर क्लेबर गेलं, आणि महिन्याभरात, 26 जुलैला, ती फ्रान्सच्या विसाँ किनाऱ्यावर वाळूत रुतली. खलाशांनी पाणबुडी स्फोटाने निकामी केली आणि शरण गेले. वाळू सरकली की ओहोटीला तिचे तुकडे अजून दिसतात, 2019 च्या सुरुवातीला दिसले तेव्हा बातम्यांत आलं होतं. फोटो मिळाला की आराखडा शेजारी ठेवा आणि आधी त्या सहा नळ्यांची जागा शोधून बघा.